राहिलेल्या गोळ्या

माझी मोठी जाऊ आणि मी एकाच घराच्या दोन तुकड्यांत राहत होतो. मधे विटेची एक भिंत. सासऱ्यांनी थोरल्याला रस्त्याकडची बाजू दिली, धाकट्याला विहिरीकडची. दोघा भावांनी भरवेलीच्या मँगनीज खाणीत नोकऱ्या केल्या, निवृत्त झाले आणि थोड्याथोड्या अंतराने निघूनही गेले. तिचा मुलगा भिलाईला, माझी लेक हैदराबादला. राहिलो आम्ही दोघी, भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे.

आमचं फार सख्य होतं असं कुणी समजू नये. ती पहाटे उठून अंगण झाडायची आणि झाडताना खराटा माझ्या दारावर दोनदा जास्तीचा आपटायची. मी शाळेत शिकवणारी बाई, म्हणून माझ्या हातच्या भाजीला चव नसते, असं तिचं ठाम मत होतं. माझंही तिच्याबद्दल बरंच मत होतं, ते मी मनात ठेवत नव्हते.

पण आमच्या गल्लीत माझ्याशी मराठीत बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. माझं माहेर गोंदियाकडचं. मराठी शाळेत शिकले, लग्न होऊन बालाघाटला आले आणि पुढे आयुष्यभर हिंदी शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेतले. इथे बाजारात हिंदी, बँकेत हिंदी, दवाखान्यात हिंदी. लेक फोनवर हिंदीत सुरू होते आणि हिंदीतच संपते. नातवाला मराठी म्हणजे ‘नानी की भाषा’. मला माझी भाषा ऐकायची असली की मी भिंतीपाशी जाऊन ओरडायची, “बाई, भाजी काय केली?” पलीकडून उत्तर यायचं, “तरोटा. तुले पाह्यजे काय?” एवढंच बोलणं. पण एखाद्या दिवशी तेवढंही झालं नाही, तर मला दिवसभर कुणी हाकच मारली नाही असं वाटायचं. मागच्या पावसाळ्यात ते एकुलतं एक माणूस माझ्या हातातून जायला निघालं होतं.

जाऊ धम्माची पक्की. मीही बौद्ध, पण माझं पंचशील जमेल तसं. खोटं न बोलण्याचं शील तर शाळा तपासणीच्या दिवसांत मी कितीदा मोडलं असेल. तिचं तसं नव्हतं. वर्षावास लागला, म्हणजे पावसाळ्याचे ते तीन महिने सुरू झाले आणि विहारात रोजचं ग्रंथवाचन सुरू झालं, की हिला नवा जोर चढायचा. पौर्णिमेला ती अष्टशील धरायची. त्या दिवशी दुपारचे बारा वाजून गेले की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत तोंडात अन्न घालायचं नाही. मागच्या वर्षी तिने ठरवलं की भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या आधीचा अख्खा आठवडा असं राहायचं.

“बाई, सत्तरी उलटली तुमची. बीपीचा त्रास. उपाशी काहून मरता?” मी भिंतीतून म्हटलं.

“उपाशी कुठं? अकरा वाजता जेवतो ना पोटभर. तू आपलं पाह्य.”

मी आपलं पाहिलं.

तिचा आणखी एक स्वभाव होता. काही राहून गेलेलं तिला खपायचं नाही. ताप आला आणि एका दिवसाची वंदना चुकली, तर दुसऱ्या दिवशी ती दोनदा म्हणायची. गावाला गेली आणि मोगऱ्याला पाणी राहिलं, तर आल्यावर तितक्या दिवसांचं पाणी एकदम ओतायची. तो मोगरा त्यानेच सडला. मी तसं म्हटलं तर म्हणाली, “राह्यलेलं भरून काढावं. नाही त मनाले लागते.”

पौर्णिमेला विहारात खीरदान होतं. मीही गेले. धम्म ऐकायला गेले असं म्हणायला हरकत नाही, पण खीर चांगली असते. बाहेरगावाहून एक भंतेजी आले होते. जेवण वेळेत आटोपल्यावर ते लोकांच्या शंका ऐकत बसले. एका म्हाताऱ्याने विचारलं, बारानंतर खोकल्याचं औषध घेतलं तर शील मोडतं का? भंतेजी हसले. औषध हे औषध आहे, अन्न नव्हे, आजारी माणसाने ते कोणत्याही वेळी घ्यावं, असं त्यांनी सांगितलं. माझ्या शेजारी बसलेली जाऊ एकदम ताठ झाली. मग दोन-तीनदा मान हलवली. येताना रस्त्याने ती भलतीच खुशीत होती. हिला खीर चढली, असं मी मनात म्हटलं.

घरी येऊन मी आडवी झाले. उठले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती आणि पलीकडे काहीच ऐकू येत नव्हतं. त्या वेळेला तिची वंदना चालायची, आणि तिचा आवाज असा की त्याने तीन घरांची वंदना व्हावी. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग चप्पलसुद्धा न घालता अंगणातून तिच्या दाराशी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा राखेसारखा. कपाळाला हात लावला तर थंडगार, आणि घामाने ओला. “डोयापुढं अंधार येऊन राह्यला व,” ती म्हणाली. आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा.

मला वाटलं, उपासाने साखर उतरली. स्वयंपाकघरातून साखर आणली, चिमटीने तिच्या तोंडाशी नेली. तिने ओठ घट्ट मिटले.

“तोंड उघडा बाई!”

तिने मान हलवली आणि दातांच्या फटीतून म्हणाली, “बारा वाजून गेले.”

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मी तिला शिव्या दिल्या. शाळेतल्या पोरांनाही कधी दिल्या नसतील अशा. पलंगाजवळ गोळ्यांची चांदीसारखी चमकणारी रिकामी पाकिटं पडली होती. ती उचलून मी तिच्या औषधांच्या डब्यात कोंबली, डबा पिशवीत टाकला आणि समोरच्या ऑटोवाल्याला आवाज दिला. त्याने आणि त्याच्या बायकोने तिला उचलून ऑटोत घातलं.

रेल्वेचं फाटक बंद होतं. बालाघाटात घाई असली की फाटक बंदच असतं. पुढे दोन ट्रक, मागे मोटरसायकली, आणि गोंदियाकडून येणारी गाडी काही दिसेना. जाऊचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिचं मनगट धरून नाडी शोधत होते. कधी लागायची, कधी नाही. लागली तरी इतकी सावकाश, की दोन ठोक्यांच्या मधे मला वाटायचं, गेली. मी तिच्याशी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही, पण मराठीत बोलले. ऑटोवाला मागे वळून म्हणाला, “दीदी, चिल्लाओ मत, सुन रही हैं वो।” मी ओरडत होते हे मला तेव्हा कळलं.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर माझ्या लेकीपेक्षा लहान होती. तिने दंडाला पट्टा गुंडाळला, पुन्हा गुंडाळला, नर्सला हाक मारली आणि पलंगाची पायाकडची बाजू वर करायला सांगितली. साखर तपासली तर ठीक निघाली.

“नाड़ी इतनी धीमी क्यों है? कौन सी गोलियाँ चल रही हैं?”

मी डबा पुढे केला. तिने ती रिकामी पाकिटं उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. “ये सब आज की हैं?”

मला काय माहीत. तिने दोन सलाईन लावल्या, सुईतून सावकाश एक औषध दिलं, आणि थेंबाथेंबाने औषध सोडणारं एक यंत्र उशाशी आणून ठेवलं. जरा उसंत मिळाल्यावर तिने मला बाजूला घेऊन समजावलं. दोन प्रकारच्या गोळ्या आहेत. एक रक्ताच्या नळ्या सैल करते, दुसरी हृदयाची चाल कमी करते. रोजची एक-एक घेतली तर बीपी जागेवर राहतं. एकदम पुष्कळ घेतल्या तर नळ्या इतक्या सैल पडतात आणि हृदय इतकं मंद होतं की रक्त शरीरात असूनही कुठेच पोचत नाही. मेंदूला नाही, किडनीला नाही, खुद्द हृदयालाही नाही. मला आमचा नगरपालिकेचा नळ आठवला. टाकी भरलेली असते, पण जोर नसला की तोटीला धार येत नाही, आणि आपण हंडा घेऊन उभे. हे समजायला सोपं होतं. सहन करायला नव्हतं.

मग तिने आवाज खाली करून विचारलं, “घर में कोई बात हुई थी? अकेली रहती हैं?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर माझे कान तापले. “वो ऐसी औरत नहीं है,” मी म्हटलं. डॉक्टरने मान हलवली. हे वाक्य ती रोज ऐकत असणार.

दवाखान्यातल्या पोलीस चौकीतून एक शिपाई आला. गोळ्यांचं प्रकरण म्हटलं की त्यांना विचारावं लागतं, त्याचाही दोष नव्हता. “किसी से झगड़ा, कहासुनी?”

“मुझसे। रोज़ होती है। शादी होकर आई, तब से।”

तो लिहिता लिहिता थांबला. मग त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि माताजी शुद्धीवर आल्या की बघू, असं म्हणून गेला.

तो गेला तोवर मी ठीक होते. मग तिच्या पायाशी स्टुलावर बसले आणि मला भीती वाटू लागली. डॉक्टर आणि शिपाई बरोबर असले तर? दिवे लागायच्या वेळी एकट्या बाईच्या मनात काय काय येतं, ते मला दुसऱ्याने सांगायला नको. माझ्याही येतं. भांडी घासून होतात, टीव्ही बंद होतो, आणि वाटतं की आज आपण नसतो तर काय अडलं असतं? मग मी उठून उगाच उद्याचे तांदूळ निवडते. माझ्या मनात जे येतं ते तिच्या का येऊ नये? तिने कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही. भिंतीतून भाजी विचारता येते, हे विचारता येत नाही.

आणि मला तिचा राग आला. दया नाही, राग. मला या गावात एकटी टाकून जायचं ठरवलं, आणि जाण्याआधी एक शब्दही बोलली नाही? ऑटोत कासावीस झाले नसेन इतकी मी त्या स्टुलावर झाले. यंत्र टिकटिकत होतं, थेंब पडत होते, आणि मी तिच्या पायाचा अंगठा धरून बसले होते, कारण हाताला सगळीकडे सुया होत्या. अंगठा थंड होता. बऱ्याच वेळाने तो कोमट लागला, तेव्हा माझा त्यावर विश्वास बसेना. मी आपला गाल लावून पाहिला. वॉर्डातल्या बाया बघत होत्या. बघू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले. छताकडे पाहिलं, सलाईनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“पौर्णिमा झाली काय?”

“झाली. बाई, एवढ्या गोळ्या काहून घेतल्या तुम्ही?”

“राह्यल्या होत्या ना.”

“काय राह्यल्या होत्या?”

मग ती हळूहळू सांगू लागली, मधे मधे पाणी मागत. संध्याकाळच्या गोळ्या तिने आठवडाभर घेतल्याच नव्हत्या. बारानंतर तोंडात काही घालायचं नाही, मग गोळी तरी कशी घालायची? कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मी शहाणपणा शिकवला असता. हे मात्र खरं. आणि पौर्णिमेला भंतेजींनी औषध चालतं म्हणून सांगितलं.

“मंग मले लई वाईट वाटलं व. हप्ताभर उगीच सोडल्या. घरी आली अन् राह्यलेल्या साऱ्या भरून काढल्या.”

मी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. नर्स धावत आली, तिला वाटलं पेशंटला काही झालं. ते असं काही रडणं होतं की पदर पुरेना. नवरा गेला तेव्हासुद्धा मी असं रडले नव्हते. तेव्हा घरात माणसं होती, चहा करायचा होता.

जाऊ माझ्याकडे बघत राहिली. “तुले काय वाटलं?”

“काही नाही.”

“सांग ना.”

मी तिची चादर सारखी करू लागले. तिच्या लक्षात आलं असावं. तिने सुईचा हात वाचवत दुसऱ्या हाताने माझा पदर ओढला. “मले मराचं असतं त तुले सांगून मेली असती,” ती म्हणाली. “नाही त तू जिंदगीभर बोंबलत बसली असती.”

रात्री मी फोन केला होता, दुपारी तिचा मुलगा भिलाईहून आला. सुनेलाही घेऊन आला. पोरगा गुणी आहे, त्याच्याबद्दल मी वाकडा शब्द काढणार नाही. आईच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. डॉक्टरने त्याला सगळं सांगितलं. अम्मा वाचल्या, पण यापुढे गोळ्या त्यांच्या हातात ठेवू नका, कुणीतरी सकाळ-संध्याकाळ मोजून द्यायला हवं. चुकलेली गोळी कधी भरून काढायची नसते, हेही तिने जाऊला दोनदा बजावलं. जाऊने मान डोलावली, पण तिच्या तोंडावरून तिला ते पटलं नव्हतं.

“काकी, माँ को मैं ले जाता हूँ,” तो बाहेर व्हरांड्यात म्हणाला.

मला ठाऊक होतं हे येणार. मी सकाळपासून उत्तर तयार करून ठेवलं होतं. मी म्हटलं, मी देईन. दोन वेळा. स्वतः भिंतीला वळसा घालून जाईन, हातावर गोळी ठेवीन, गिळेपर्यंत उभी राहीन. माझी शाळेची शिस्त तुला माहीत आहे. तुझ्या घरी तिला कोण? तू कामावर, सून कामावर, पोरं शाळेत, आणि शेजारीपाजारी तिची भाषा कुणाला येते? मी इतकं बोलत सुटले की सून माझ्या हाताला धरून मला बाकावर बसवू लागली.

मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “और काकी, आपकी गोलियाँ कौन देखता है?”

बीपीच्या गोळ्या मीही घेते. रात्री जेवणानंतर एक. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. वर्गात पोराला उत्तर येत नसलं की ते फळ्याकडे बघत राहतं, तशी मी समोर लावलेल्या लसीकरणाच्या पोस्टरकडे बघत राहिले.

चार दिवसांनी ते तिला दवाखान्यातूनच घेऊन गेले. घरी आणली असती तर ती हलली नसती, हे मुलाला कळत होतं. तिचे कपडे, छोटी बुद्धमूर्ती आणि वंदनेचं पुस्तक मीच पिशवीत भरून दिलं. गाडीत बसताना ती म्हणाली, “पंधरा दिवसात येतो मी. दिवाळीच्या आंधीच.” मी हौ म्हटलं. मुलाने खाली पाहिलं. गाडी वळणावर गेली आणि मी पायी घरी निघाले. वाटेत फाटक लागलं. उघडं होतं.

आता पलीकडच्या दाराला कुलूप आहे. भिंतीपाशी गेलं की पलीकडच्या रिकाम्या खोलीत माझाच आवाज घुमतो, म्हणून मी जात नाही. सुरुवातीला लेक रोज फोन करायची, आता आठवड्यातून दोनदा. तिलाही तिचा संसार आहे. मी काही कुढत बसत नाही. टीव्ही लावते, त्यातल्या बायांना शिव्या देते, वरण-भात करते. वरण उरतं. एका माणसापुरतं वरण मला अजून जमत नाही.

परवाची गोष्ट. जेवण झालं, ताट घासलं, ओटा पुसला. मग गोळी घ्यायची म्हणून पाकीट हातात घेतलं आणि तशीच उभी राहिले. घेतली की नाही? फुलपात्र पालथं घातलेलं होतं, पण ते पाणी जेवतानाही प्यायलेलं असेल. पाकिटातल्या किती गेल्या याचा हिशेब मी ठेवत नाही. तोवर गरज पडली नव्हती. जिभेवर कडवट लागत होतं. ते मेथीचंही असेल. घेतली असेल आणि पुन्हा घेतली, तर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एका जास्तीच्या गोळीने माणूस मरत नाही, हेही मला डॉक्टरने सांगितलं होतं, पण त्या घटकेला ते आठवून उपयोग झाला नाही. घरभर मला सांगणारं कुणी नव्हतं की बाई, आत्ता तर घेतलीस, इथेच उभी राहून.

मी भिलाईला फोन लावला. नातीने उचलला, “दादी, बालाघाट वाली दादी,” म्हणून ओरडली आणि फोन पलीकडे दिला.

“बाई,” मी म्हटलं, “मी गोळी घेतली काय हो आज?”

कुणी दुसरं असतं तर म्हणालं असतं, मला काय माहीत, वेड लागलं काय तुला? फोन ज्या गावी गेला होता ते गाव इथून कितीतरी लांब. पलीकडे टीव्हीवरची हिंदी बातमी ऐकू येत होती. मग तिचा तोच तीन घरांना ऐकू जाणारा आवाज आला.

“हौ, घेतली तुनं. ठेव ते पाकीट. अन् झोप आता.”

मी पाकीट ठेवून दिलं.